किती बसेल आणि किती पुरेल

बँकेच्या कर्ज विभागात माझी तेवीस वर्षं झाली. शाखा ठाण्यातलीच. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "मॅडम, मला किती बसेल?" म्हणजे माझ्या पगारावर जास्तीत जास्त किती कर्ज मिळेल. मी पगाराच्या स्लिपा बघते, चालू हप्ते वजा करते, सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली ते सांगणारा आकडा बघते, निवृत्तीला किती वर्षं उरली ते मोजते आणि आकडा सांगते. साठ लाख. पंच्याऐंशी लाख. आकडा ऐकेपर्यंत त्या जोडप्याला कळव्यात किंवा खारेगावात एका बेडरूमचं घर हवं असतं. आकडा ऐकला की दोघं एकमेकांकडे बघतात आणि घोडबंदर रोडवरच्या टॉवरांची नावं घेऊ लागतात. माणसं तीच, गरजही तीच, पण पाच मिनिटांपूर्वी पुरत असलेलं घर आता लहान झालेलं असतं.

"मला किती पुरेल?" असं विचारणारे फार थोडे भेटले. एका शाळेतले शिपाई आठवतात. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आले होते. हिशेबाने त्यांना साडेचार लाख बसत होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने फी, हॉस्टेल, पुस्तकं, गणवेश असं एकाखाली एक लिहिलेलं होतं आणि खाली बेरीज. "एक लाख ऐंशी हजार द्या. बाकीचे नको." शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याने त्यांना समजावलं की मिळतायत तर घेऊन ठेवा, अडीअडचणीला होतील. ते म्हणाले, "घेतले की लागतात, साहेब."

मी ख्रिस्ती आहे. मराठी मंडळीत वाढले, दर रविवारी उपासनेला जाते. धनाविषयी आणि समाधानाविषयी आमच्या धर्मात जे सांगितलं आहे ते लहानपणापासून ऐकलं, पण ते मला नीट उमगलं ते या खुर्चीत बसून. आणि जे उमगलं ते आमच्या मंडळीत जे सहसा बोललं जातं त्याच्या बरंचसं उलटं आहे, म्हणून हा लेख.

चंगळवादावर आपल्याकडे बोलणं सोपं असतं, कारण तो नेहमी दुसऱ्याचा असतो. भाषणात किंवा प्रवचनात चंगळवाद आला की मॉल येतो, तरुण मुलांचे मोबाइल येतात, ऑनलाइन मागवलेले बूट येतात. मला मुलांच्या बुटांची तितकी काळजी वाटत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने पहिल्या पगारातून महाग फोन घेतला तर तो वर्षभर हप्ते फेडतो आणि बहुतेकदा शहाणा होतो. मला काळजी वाटते ती आमच्या वयाच्या, सभ्य, काटकसरी, देवभीरू माणसांची. आम्ही चैन करत नाही. आम्ही दुसरा फ्लॅट घेतो. त्याला आम्ही हाव म्हणत नाही, 'गुंतवणूक' म्हणतो, 'मुलांची सोय' म्हणतो, आणि प्रार्थना करून, पाळकसाहेबांकडून आशीर्वाद घेऊन त्याची चावी हातात घेतो.

पण आधी समाधान या शब्दाचा हिशेब करायला हवा, कारण तो शब्द आमच्या घराण्यात सरळ आलेला नाही.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. महारवाड्यात जन्मले, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकले, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते सांगायचे की गावात वाड्यापुढून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. तालुक्याच्या बाजारातून त्यांनी पहिला चामड्याचा जोड आणला तेव्हा गावातल्या एका शहाण्या माणसाने त्यांना थांबवून ऐकवलं होतं, "ठेविले अनंते तैसेचि राहावे." तुकोबांनी ते स्वतःच्या चित्ताला सांगितलं. गावाने ते दुसऱ्याच्या पायांना सांगितलं. आजोबांना अभंग पाठ होता आणि आवडायचाही, पण ते जोड घालून चालत राहिले.

म्हणून कुणी मला म्हटलं की ख्रिस्ती माणसाने आहे त्यात समाधान मानावं, तर मी आधी विचारते, कोण कुणाला सांगतंय? नळ घरात हवा, संडास घरात हवा, मुलीने इंजिनिअर व्हावं, पावसात गळणार नाही असं छप्पर हवं, या इच्छेला भौतिकवाद म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. आमच्यासारखी कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं नगरहून, जालन्याहून, सोलापूरहून त्या भोंग्यांच्या मागे इकडे आली. किसननगरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जणं राहिलो. आईने तिथे स्टीलचा पहिला डबा घेतला तो दिवस मला आठवतो. त्या डब्यात पाप नव्हतं.

मग ख्रिस्ती शिकवणीतलं समाधान आहे तरी कुणासाठी? याचं उत्तर मला ज्या माणसाकडे मिळालं त्याच्या नावाचं चर्च तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठी उभं आहे. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या भिक्षूंनी, बांधलेलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. संध्याकाळी तलावाभोवती फिरणाऱ्या, भेळ खाणाऱ्या, होडीत बसणाऱ्या शेकडो लोकांच्या नजरेत ते असतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो कुणालाच मन शांत ठेवायला सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, असं तो साध्या लोकांना सांगतो. जकातदारांना म्हणतो, ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. मग शिपाई, म्हणजे सैनिक, विचारतात. त्यांना तो सांगतो की कुणाला दमदाटी करून पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात तृप्त राहा.

तृप्त राहा हे शब्द त्या प्रसंगात फक्त हातात हत्यार असलेल्यांना उद्देशून आहेत. अंगरखा नसलेल्या माणसाला योहान एका शब्दानेही समाधान शिकवत नाही. त्याच्यासाठी तो अंगरखा मागतो. मी हा अध्याय शब्बाथशाळेत पाठ केला होता, तरी ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पन्नाशी उजाडली.

आणखी एक गोष्ट. इथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ पुरणे, पुरेसं असणे असा आहे. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत समाधानासाठी जो शब्द वापरतो तोही त्याच धातूपासून आला. मराठीत आपण त्याला समाधान, संतोष, तृप्ती म्हणतो आणि मग तो मनात जाऊन बसतो. मूळ शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. पगार किती, आणि तो पुरे आहे की नाही. शाळेतल्या त्या शिपायांच्या पेन्सिलीच्या बेरजेइतका रोखठोक.

पौलाची तर आमच्या लोकांनी फारच ओढाताण केली आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगाने मी सर्व काही करू शकतो, या अर्थाचं त्याचं वचन फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मागच्या काचेवर ते चिकटवलेलं आहे. परीक्षेच्या, बढतीच्या, परदेशी व्हिसाच्या प्रार्थनेत ते हमखास येतं. आता त्याच्या आधीच्या दोन ओळी वाचा. पौल बंदिवासात आहे आणि सांगतो आहे की मला भरल्या पोटी राहता येतं आणि उपाशीही राहता येतं, विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. 'सर्व काही' म्हणजे हे. आणि हे पत्र मुळात पैसे मिळाल्याची पोच आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, तिच्याबद्दलचे हे आभार. या पत्रातला समाधानाचा तो ग्रीक शब्द स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ कुणावरही अवलंबून नसलेल्या माणसासाठी वापरत. पौल तो दुसऱ्याने पाठवलेली भाकरी खाता खाता वापरतो.

भाकरीचं निघालंच आहे तर. प्रभूच्या प्रार्थनेत मराठी भाषांतरकारांनी 'आमची रोजची भाकर' असा शब्द ठेवला, त्याबद्दल मला त्यांचं नेहमी कौतुक वाटतं. भाकर रोजचीच लागते. कालची आज कडक होते, परवाची दाताने तुटत नाही. तिचा साठा होत नाही. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात रानातल्या इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळतं तेही असंच. माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, मोजून घ्यायचा. जास्त गोळा करणाऱ्याला जास्त उरला नाही, कमी गोळा करणाऱ्याला कमी पडला नाही. ज्यांनी ऐकलं नाही आणि सकाळपर्यंत ठेवून दिला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायला परवानगी होती आणि तो नासत नसे. म्हणजे उद्यासाठी ठेवणं हेच मुळात पाप, असं काही हे पुस्तक म्हणत नाही. विश्रांतीच्या दिवसासाठी ठेवा, म्हातारपणासाठी ठेवा, आजारपणासाठी ठेवा. मी बँकेत आहे, बचतीच्या विरोधात बोलणार नाही. पण ठेवलेल्याला किडे कधी लागतात हे ओळखायची जबाबदारी ठेवणाऱ्याची आहे.

आता माझ्या किड्यांविषयी लिहिते.

२०१४ मध्ये आम्ही घोडबंदर रोडच्या पुढच्या टोकाला दुसरा फ्लॅट घेतला. एका बेडरूमचा, बाराव्या मजल्यावर. राहायला नव्हे. भाव चढणार होते, मेट्रो येणार होती, आणि माझा आकडा 'बसत' होता. ताबा मिळाल्यावर आम्ही तिथे दूध उतू घातलं, प्रार्थना केली, कुलूप लावलं आणि घरी आलो. पुढची सहा वर्षं तो बंद होता. महिन्यातून एकदा जाऊन मी खिडक्या उघडायचे, नळ सोडून बघायचे, गॅलरीतली कबुतरांची घाण काढायचे. एकदा दिवाळीच्या आसपास खाली उतरून वर बघितलं. सगळा टॉवर कंदिलांनी उजळलेला असेल असं वाटलं होतं. मी मजले मोजत गेले. आमच्या विंगमध्ये चारांपैकी एक खिडकी काळी होती. काही मजल्यांवर ओळीने तीन.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्या वर्षी दिव्याहून येत होत्या. त्याच्या आदल्या वर्षी कळव्याहून, त्याच्या आधी मानपाड्याच्या डोंगरउतारावरून. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, मालक भाडं वाढवतो, नाहीतर डिपॉझिट वाढवून मागतो, की यांचं बिऱ्हाड हलतं. टेम्पोचं भाडं, दलालाचं एक महिन्याचं कमिशन, मुलाची शाळा लांब. एकदा त्यांना त्या फ्लॅटच्या साफसफाईसाठी बरोबर नेलं होतं. फरशी पुसून झाल्यावर त्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, इथं कोण राहतं?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बादली उचलून आत गेल्या.

संदेष्टा यशया इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. त्याच्या पाचव्या अध्यायात जे लोक घराला घर जोडतात, शेताला शेत लावतात आणि शेवटी सगळ्या देशात एकटेच उरतात, त्यांच्यावर तो आकांत करतो. त्याच्या पुढचंच वचन असं की पुष्कळ घरं ओसाड पडतील, मोठी आणि सुंदर घरं, त्यात राहायला कुणी नसेल. त्या घराहून परतताना रिक्षात मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि माझ्या डोक्यात ते वचन होतं. मी त्यांना काही बोलले नाही.

हा माझा एकटीचा प्रश्न असता तर मी तो प्रार्थनेत मांडला असता, जाहीर लिहिला नसता. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत रिकामी म्हणून नोंदलेली घरं १ कोटी १० लाखांच्या घरात होती. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरांतली घरांची तूट १ कोटी ८८ लाख काढली, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त तूट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. एकीकडे कुलूप, एकीकडे टेम्पो. बंद घरांची सगळी कारणं हाव नसतात हे मला माहीत आहे. कोर्टातले वाद असतात, परगावच्या बदल्या असतात, वारसांची भांडणं असतात. पण आमच्यासारख्या नोकरदारांच्या बंद फ्लॅटमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. भाव चढायची वाट, आणि भाडेकरू घर बळकावेल ही भीती.

ती भीती आपल्या आईवडिलांच्या काळातली आहे. जुन्या भाडेकरूंच्या, पागडीच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो. ३१ मार्च २००० पासून राज्यात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायला वेगळा सक्षम अधिकारी आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, एवढी काळजी घेतली की पुरते. पंचवीस वर्षं झाली या कायद्याला. तरी आमच्या घरांना कुलपं आहेत, याचा अर्थ भीती हे निम्मंच कारण आहे. उरलेलं निम्मं असं की त्या घराची आपल्याला गरज नाही हे आपण स्वतःला सांगितलेलं नाही.

हप्त्याने ही गरज ओळखण्याची शक्ती कशी जाते, हे मी रोज बघते. वस्तूची किंमत आता कुणी विचारत नाही. महिन्याला किती, एवढंच विचारतात. एक लाख वीस हजारांचा सोफा दारात येत नाही, 'फक्त पाच हजार महिना' येतो. आणि 'नो कॉस्ट' या शब्दावर लोकांचा फार विश्वास. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजना बंद करायला सांगितल्या आणि शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर आलेल्या 'नो कॉस्ट' योजनेत व्याज असतंच. तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते, आणि बहुतेक वेळा रोख घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट ती हीच. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण रोख मोजून देताना हात एकदा थांबतो, नोटा परत मोजतो, तेव्हा 'पुरे' म्हणायला क्षणभर वेळ मिळतो. हप्त्याने तो क्षण काढून घेतला.

आता ठाण्याच्याच मातीतली एक हकीकत, जी आमच्या ख्रिस्ती लोकांपैकीही थोड्यांना ठाऊक आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये इथे चार फ्रान्सिस्कन भिक्षू मारले गेले. होर्मुझहून कोल्लमला निघालेले, जहाज त्यांना इथे घेऊन आलं. इथल्या सीरियन परंपरेच्या एका ख्रिस्ती घरात ते उतरले होते. काही काळाने ओदोरिक नावाचा प्रवासी इकडून गेला, त्याने त्यांच्या अस्थी बरोबर नेल्या आणि हकीकत लिहून ठेवली. या चौघांत वयाने मोठे होते इटलीतल्या तोलेंतिनो गावचे थॉमस. त्यांना हुतात्मा म्हणून स्मरतात. मला त्यांच्या आधीच्या आयुष्यातली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तरुणपणी थॉमस कित्येक वर्षं तुरुंगात होते, आणि त्यांना डांबलं होतं त्यांच्याच संघाच्या वरिष्ठांनी. गुन्हा एवढाच की संत फ्रान्सिसने सांगितलेलं दारिद्र्य शब्दशः पाळलं पाहिजे, मठांनी कोठारं आणि जमिनी करू नयेत, असा आग्रह ते आणि त्यांचे सोबती धरून होते. १२८९ च्या सुमारास नवे प्रमुख आले, त्यांनी त्यांना सोडलं आणि आर्मेनियाला धाडलं. तिथून तो माणूस तीस वर्षांनी ठाण्याला पोचला. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १३२३ मध्ये, पोप बाविसावे जॉन यांनी ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, हे म्हणणं पाखंड ठरवलं.

म्हणजे 'पुरे किती' हा प्रश्न चर्चला बाहेरच्या जगानेच छळत नाही. तो चर्चच्या आतच जुना आहे, आणि आतच तो विचारणाऱ्यांना कोंडलं गेलं आहे. मराठी ख्रिस्ती समाजातही याची आठवण ठेवण्यासारखी माणसं झाली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. आम्ही त्यांची भजनं उपासनेत गातो. पगार सोडल्याची गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

सगळ्यांनी पगार सोडावा असं मी म्हणत नाही. मला हप्ते आहेत, सासूबाईंची औषधं आहेत. मला पटलेला मार्ग जॉन वेस्लीने लिहून ठेवला आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा हा अठराव्या शतकातला इंग्रज पाळक. आपल्या एका प्रवचनात तो ऑक्सफर्डमधल्या सोबत्यांपैकी एका तरुणाचा हिशेब देतो, आणि तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच असं मानलं जातं. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, २८ मध्ये भागवलं, २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, भागवलं २८ मध्येच, ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९०, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, दिले ९२. खर्च तोच, २८. मिळकत वाढत गेली, रेघ हलली नाही. या माणसाने कमवू नका असं कधी सांगितलं नाही. उलट प्रामाणिकपणे कमवता येईल तेवढं कमवा, वाचवता येईल तेवढं वाचवा आणि देता येईल तेवढं द्या, असंच त्याचं सांगणं होतं. म्हातारपणी त्याची खंत ही होती की त्याच्या लोकांनी पहिली दोन्ही वाक्यं उचलली आणि तिसरं सोडून दिलं.

कर्ज विभागाच्या भाषेत सांगायचं तर वेस्लीने आपली पात्रता आणि आपली गरज यांची गल्लत होऊ दिली नाही. आजचा आपला सगळा व्यवहार नेमका या दोन्ही गोष्टी एक करण्यावर चालतो. पगार वाढला की पात्रता वाढते, पात्रता वाढली की गरज वाढते, आणि हे इतकं आपोआप होतं की त्यात कुणी निर्णय घेतला असं वाटतच नाही.

यावर माझ्या शाखेतला एक तरुण सहकारी मला नेहमी म्हणतो की मॅडम, सगळ्यांनी 'पुरे' म्हटलं तर बांधकाम थांबेल, गवंडी, सुतार, प्लंबर घरी बसतील. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मजुरी असते. पण माझ्या बंद फ्लॅटने सहा वर्षांत कुणाला मजुरी दिली? वॉचमनचा एक वाटा आणि मावशींची एक दुपार. तेच घर उघडं असतं तर तिथे गॅस लागला असता, किराणा आला असता, एका पोराची शाळा जवळ झाली असती. आणि जो पैसा दुसऱ्या घरात न अडकता मावशींच्या पगारात, आठवड्याच्या सुट्टीत, त्यांच्या दवाखान्यात गेला असता, तो बाजारातच गेला असता, आणि माझ्याकडून गेला त्यापेक्षा लवकर गेला असता. याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ती मालकाच्या खात्यात शांतपणे पडून आहे असं तो म्हणत नाही.

दुःखाची गोष्ट ही की हे सगळं जिथे बोललं जायला हवं तिथे आज उलटं बोललं जातं. काही सभांमध्ये उघड सांगतात की देवाच्या कामात 'बी' पेरा, शंभरपट मिळेल, टू बीएचके मिळेल. तो देव माझ्या बँकेच्या योजनेसारखा वाटतो, फक्त बारीक अक्षरं नसलेला. आमच्या जुन्या, शांत मंडळ्यांत असं कुणी म्हणत नाही, पण तिथे दुसरं होतं. कापणीच्या सणाला लोक भोपळा, केळीचा घड, गावठी अंडी, घरचा केक आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दोन वर्षांपूर्वी एका नारळाची बोली सात हजारांपर्यंत चढली. टाळ्या पडल्या. त्या बोलीतली एक मी होते. ज्या बाईने तो नारळ आणला होता ती मागच्या बाकावर बसली होती, आणि तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो पैसा चर्चच्या रंगकामाला गेला. वाईट कामाला गेला असं नाही. पण तिला घरभाड्याचं काय झालं हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पाळकसाहेबांनी तिला भेटीच्या वेळी जे वचन वाचून दाखवलं ते समाधानाचं होतं. जे वचन मला वाचून दाखवायला हवं होतं ते तिला वाचून दाखवलं गेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या शहरात ख्रिस्ती मंडळीने समाधानावर बोलायचं असेल तर ते आधी हत्यार हातात असलेल्यांना सांगावं. आजची हत्यारं म्हणजे पगाराची स्लिप, सिबिलचा आकडा, रिकामं घर. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याला दुसऱ्या अंगरख्याविषयी नावानिशी विचारावं. आपण विवाहापूर्वी जोडप्याला बोलावून समुपदेशन करतो, तसं दुसरं घर घेणाऱ्याशीही कुणीतरी बसून बोलावं. कशासाठी, कुणासाठी, किती दिवस बंद राहील. हे खासगी आहे असं कुणी म्हणेल. दशांश किती दिला हे जर मंडळीच्या वहीत लिहिलं जातं, तर उरलेल्या नऊ भागांचं काय झालं हे विचारणं इतकं परकं वाटू नये.

आमच्या बाराव्या मजल्यावर २०२० च्या शेवटापासून एक कुटुंब राहतं. तो एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय, ती पाळणाघर चालवते. भाडं बाजारभावाहून कमी आहे आणि करार तीन वर्षांचा करून तो पुन्हा केला आहे. मावशींना ते घर परवडलं नसतं, सोसायटीच्या मेंटेनन्सनेच त्यांचा निम्मा पगार गेला असता. हे मला आजही टोचतं, आणि एका फ्लॅटने ते सुटणारं नाही.

यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी मंडळीच्या कमिटीला पत्र दिलं. दोन याद्या कराव्यात, एक आपल्या सभासदांच्या बंद घरांची आणि एक खोली शोधणाऱ्यांची, आणि नोंदणीकृत कराराचं काम मी फुकट करून देईन. कमिटीने परवानगी दिली. नोटीस बोर्डाशेजारी दोन वह्या टांगल्या आहेत. खोली हवी असलेल्यांच्या वहीत आजपर्यंत सतरा नावं आली. दुसऱ्या वहीत तीन. त्यातल्या दोघांनी पुढच्या रविवारी येऊन नाव खोडलं.